बोलून लिहिता येतं, बोलून खोडता येतं का?

खोडरबर
मनगट दुखतंय म्हणून दोन महिने कीबोर्ड बंद. सगळं बोलूनच. लिहिण्याबद्दल तक्रार नाही, बोलतो आणि उमटतं. पण दुरुस्ती? एक 'मात्र' उचलून चार शब्द पुढे न्यायचा तर आधी तो निवडा, कापा, नवी जागा सांगा, चिकटवा. हात जे नकळत करतात त्याचं धावतं समालोचन करत बसायचं. बरं, वाक्याची लय मी मनातल्या मनात वाचून तपासतो. हुकूम सोडायला लागलो की ते वाचन बंद पडतं. माझ्या मते आवाज पहिल्या खर्ड्यापुरता. पुढचं हाताचं काम.

तिरपी ओळ
अजिबात पटलं नाही. तुम्ही कीबोर्डच्या सवयी तोंडाने पाळताय, मग वैताग येणारच. ड्रॅगन या बोलून लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये 'सिलेक्ट' म्हणून पहिला शब्द, 'थ्रू' म्हणून शेवटचा शब्द सांगितला की मधला अख्खा तुकडा निवडला जातो. त्यावर नवं बोललं की जुनं गेलं. मी शब्द इकडून तिकडे नेतच नाही, वाक्यच पुन्हा बोलते. बऱ्याचदा दुसऱ्यांदा बोललेलं जास्त सरळ येतं, कारण तोंडाला न पेलणारी वाक्यं तिथेच अडकतात.

कानामात्रा
ताई, हे इंग्रजी मजकुराबद्दल झालं. जीबोर्ड या गूगलच्या फोनवरच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय 2017 साली आली, पण गूगल डॉक्समधल्या संपादनाच्या आज्ञा इंग्रजीतच. शिवाय आपलं ऱ्हस्व-दीर्घ! 'दिन' आणि 'दीन' बोलताना काय फरक करणार? चुकीचा उमटला की पुन्हा बोला, पुन्हा तोच. मग अक्षरागणिक खोडणं आलं. तिथे 'क्षि' दिसायला एक अक्षर, संगणकाच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं. 'एक अक्षर पुस' म्हटल्यावर यातलं किती जाईल, ते त्या त्या प्रोग्रामच्या मर्जीवर.

तिरपी ओळ
ऱ्हस्व-दीर्घापुढे मीही हात टेकलेत. असे शब्द ठळक करून ठेवते आणि शेवटी एका बोटाने उरकते.

उंटावरचा शहाणा
उलट आज्ञा इंग्रजीत आहेत हे बरंच आहे! कथेतलं पात्र म्हणालं, "पुसून टाक ते सगळं", आणि यंत्राने खरंच पुसलं तर?

कानामात्रा
त्यावर जुना उपाय आहे: आज्ञेच्या आधी आणि नंतर थांबायचं. वाक्याच्या ओघात आलेले तेच शब्द मजकूर धरले जातात. पण विचार करताना माणूस थांबतोच की. आणि मराठी ऐकणाऱ्या यंत्राला मध्येच इंग्रजी आज्ञा द्यायची तर दर वेळी भाषा बदला. ते तुमच्या उंटालाही जमायचं नाही.

तिसरा आकडा
माझे दोन्ही हात चालत नाहीत. त्यामुळे 'हाताचं काम' आणि 'एका बोटाने उरकते' हे दोन्ही माझ्या उपयोगाचं नाही. व्हॉइस कंट्रोल ही आवाजाने फोन-संगणक चालवायची ॲपलची सोय 2019 साली आली तेव्हापासून वापरतोय, इंग्रजी लिखाणासाठी. एकच शब्द पानावर चार ठिकाणी असेल तर प्रत्येकावर आकडा दिसतो, मी फक्त 'थ्री' म्हणतो. हुकूम आणि मजकूर यांची गल्लत नको असेल तर फक्त आज्ञा ऐकणारा मोडही आहे. सावकाश होतं, पण लय बिघडते हे मला पटत नाही. सवय लागली की 'थ्री' म्हणताना डोकं वाक्यातच असतं, जसं तुम्ही टंकताना बोटांकडे बघत नाही. दोन महिने त्यासाठी कमी आहेत. माझी खरी अडचण वेगळीच: तीन तासांनंतर घसा बसतो आणि मग यंत्र मलाच ओळखत नाही.

खोडरबर
हा प्रतिसाद बोलूनच लिहिला. 'मनगट'चं दोनदा 'मन घट' झालं. मराठीपुरतं माझं मत अजून तेच आहे. 'हाताचं काम' हे शब्द मात्र मागे घेतो. आणि हो, तो 'मात्र' आधी वाक्याच्या सुरुवातीला होता. हलवला नाही, वाक्यच पुन्हा बोललो.