डिचोलीहून ए.ए.च्या मिटिंगला जायचंय, पण हॉल चर्चचा आहे

वायरमन_डिचोली
नमस्कार. वायरिंगची कामं करतो. रोज संध्याकाळी पिणं होतं आणि सकाळी टेस्टर धरताना हात थरथरतो. हल्ली शिडीवर पोरग्याला चढवतो. काजूचा हंगाम तोंडावर आलाय. भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, पंप दुरुस्त करायला गेलं की पैशांबरोबर हुर्राकची (काजूच्या दारूची) बाटली ठरलेलीच. त्याच्या आधी सोडायची आहे.

ए.ए.ची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाची, चौकशी केली. म्हापशातला जो पत्ता मिळाला तो चर्चचा हॉल. मी घुमट वाजवून आरत्या म्हणणारा माणूस, तिथे चालेन का? इंग्रजी फारसं जमत नाही. आणि कोणी ओळखीचा भेटला तर? गोवा केवढा, तुम्हाला ठाऊक आहे.

पेटीवाला_फोंडा
दादा, आधी टेस्टरचं बोलू. सकाळी हात कापतात याचा अर्थ शरीराला दारूची सवय झालीय. अशा माणसाने एका रात्रीत बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून हंगामाच्या घाईत परस्पर सोडू नका. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, जा, नाहीतर जवळच्या सरकारी डॉक्टरकडे, आणि रोज किती पिता ते खरं सांगा. ते गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर दाखल करून घेतात. ए.ए.त डॉक्टर नसतो, औषध देत नाहीत. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.

आता हॉल. मी देवळात भजनाला पेटी वाजवतो आणि वर्षानुवर्षं चर्चच्याच हॉलात मिटिंगला बसतोय. संध्याकाळी मोकळी, परवडणारी जागा मिळते म्हणून तिथे भरते, एवढंच. भाडं सभासदांच्या वर्गणीतून जातं, ए.ए. बाहेरच्या कोणाचे पैसे घेत नाही, कुठल्या धर्माशी जोडलेली नाही. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, यांनी सुरू केलेली ही गोष्ट. आत यायला अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. फी नाही. थैली फिरते, नवख्याने काही टाकायची गरज नसते. छोटी प्रार्थना होते, त्यातल्या देवाला तुम्ही मंगेश म्हणा की आणखी काही. दारू सोडायच्या ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्येही 'आम्हाला समजला तसा देव' असंच आहे.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे एकजण कोंकणीत रडतो, दुसरा हिंदीत शिव्या देतो, चहावाला काका मराठीत दटावतो. आडनाव कोणी विचारत नाही. बोलायचं नसेल तर "आज ऐकतो" म्हणा, पुढच्याकडे पाळी जाते.

ओळखीचा भेटेल. भेटू दे! तोही तिथे नारळ विकायला आलेला नसणार. शिवाय तुमचा हात कापतो हे गिऱ्हाइकांनी केव्हाच पाहिलंय.

माझं मत विचाराल तर मिटिंग निवडताना हॉल बघू नका, परतीची गाडी बघा. म्हापसा बसस्टँडवर अंधार पडल्यावर डिचोलीच्या बसची वाट बघायची आणि आजूबाजूला बारच्या पाट्या. मिटिंगमध्ये मन मोकळं झालेलं असतं, पोटात भूक असते, तेव्हाच "एकच पेग" सुचतो. मिटिंग तासा-दीड तासाची असते. बसचा हिशेब त्यावर करा. स्कूटर असेल तर उत्तम. नसेल तर तिथेच विचारा, "डिचोलीकडे कोण जातं?" कोणीतरी मागे बसवून नेतोच. माझी अर्धी ए.ए. स्कूटरच्या मागच्या सीटवर झालीय. खिशात चण्याची पुडी ठेवा.

म्हापसेकरीण
भाऊ, मी पिणाऱ्याची बायको. वेळा बदलतात, चतुर्थी-नाताळात एखादी मिटिंग रद्द होते, तेव्हा आधी फोन करूनच निघा. कुठे सुरुवात करावी कळत नसेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. रात्री मन फारच खचलं तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416.

वायरमन_डिचोली
आभारी आहे दोघांचा. बांबोळीला सोमवारी जातो. मुलगा गाडी चालवतो, तो नेईल म्हणतो. त्याला मिटिंगमध्ये बसू देतील काय? बायकोलाही यायचंय.

पेटीवाला_फोंडा
फोनवर 'ओपन' की 'क्लोज्ड' ते विचारा. ओपनला घरची माणसं बसू शकतात. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांची, तेव्हा मुलगा बाहेर थांबेल. पहिल्या दिवशी क्लोज्डलाच जा असं मी म्हणेन. पोरासमोर माणूस निम्मंच बोलतो.

आणि भाटकाराला, म्हणजे बागेच्या मालकाला, आताच सांगून ठेवा, बाटलीऐवजी काजूबिया द्या म्हणून. हंगामात भाव चांगला असतो.

म्हापसेकरीण
वहिनींसाठी अल-अनॉन वेगळं आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचं. तुम्ही गेलात नाहीत तरी त्या एकट्या जाऊ शकतात. मी तशीच जाते. आमचे हे अजून पितात.