बॅटरी डिकीत हलवायची आहे, काय काय बघू?

पोलो जीटी टीएसआय आहे, पुढे मोठा इनटेक (इंजिनला हवा देणारा पाइप) बसवायचाय पण बॅटरी आडवी येते, अंबडचा एक वायरिंगवाला म्हणतो १६ स्क्वेअर एमएमची केबल टाकून संध्याकाळपर्यंत देतो. करू का?

कसारा_घाट: भाऊ थांब जरा!! स्टार्टर २०० अँपिअर खेचतो असं धर, १६ च्या पाच मीटर केबलमध्ये एक व्होल्टच्या वर तिथेच जातो, ५० ची शुद्ध तांब्याची टाक. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच पाहिजे, कारण फ्यूजच्या आधीची केबल कुठे पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं काहीच नाही, थेट आग. माझ्या जुन्या गाडीत एका गॅरेजवाल्याने फ्यूज बॉनेटखाली लावला होता, ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात केबल घासू नये म्हणून बसवतात ते रबर) पण नाही, सीटखाली केबल अर्धी सोललेली निघाली.

द्राक्षबाग: हॅचबॅकची डिकी म्हणजे केबिनच ना, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, म्हणून एजीएमच (सीलबंद, ॲसिड न सांडणारी बॅटरी) घे आणि व्हेंट म्हणजे गॅस निघायचं भोक असेल तर नळी बाहेर काढ. बॅटरी बोल्टने पत्र्याला आवळ, बेल्ट-बिल्ट नको.

प्रश्नकर्ता: अर्थिंग मागेच दिली तर चालेल?

कसारा_घाट: चालेल, रंग खरवडून पत्र्यावर दे, पण इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी पण तेवढीच जाड कर, लोक हेच विसरतात.

प्रश्नकर्ता: मग त्या वायरिंगवाल्याला नाहीच म्हणतो.