देवगिरी चढताच येत नाही, तर पडला कसा?

धाकटी_पाती:
रविवारी लेकाला घेऊन दौलताबादला, म्हणजे जुन्या देवगिरीला, गेले होते. अंधारीत, म्हणजे गडावर जाणाऱ्या त्या काळोख्या भुयारी वाटेत, गाईडने मशाल बाजूला धरली, वटवाघळांच्या वासाने जीव नकोसा झाला, आणि तेवढ्यात कार्ट्याचा प्रश्न, "आई, इथून वर कुणी येऊच शकत नाही, मग अल्लाउद्दीन खिलजी आला कसा?" गाईड म्हणाला, फितुरी. एवढंच?

खुलताबादचा_नाना:
ताई, तो अंधारीतून आलाच नाही. 1296 साली हा कडा नावाच्या उत्तरेतल्या प्रांताचा सुभेदार काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक उगवला, तेव्हा यादव राजा रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव बरीच फौज घेऊन बाहेर होता. रामदेवराय घाईघाईने गडात शिरला. खाली कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पडली होती, ती धान्याची समजून वर नेली. दारं लावून पोती उसवली तर आत मीठ! आमच्या आजीच्या हाताखाली कुणी आमटी खारट केली की ती म्हणायची, "रामदेवरायाचं पोतं ओतलंस का गं?" पुढे शंकरदेव परत आला, लढला, हरला. गडावर खायला नाही. अमाप सोनं-मोती मोजून तह करावा लागला.

कागद_दाखवा:
नाना, गोष्ट झकास, पण मिठाची पोती फारसी इतिहासकार फरिश्ता सांगतो, आणि तो लिहायला बसला तीनशे वर्षांनी.

खुलताबादचा_नाना:
मान्य. पोतं सोडा, 1633 घ्या. मोगल सरदार महाबतखानाने खालचे कोट सुरुंग लावून फोडले. अंबरकोट आधी, मग महाकोट. वरचा तासलेला कडा मात्र तसाच उभा, त्याला कुणी हात लावला नाही. आत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला, वेढ्यात दाणा संपला, शेवटी मोगलांकडून पैसे घेऊन त्याने गड सोडला. म्हणजे तुमचा गाईड अगदीच चुकला नाही, फक्त तीनशे सदतीस वर्षं पुढची फितुरी त्याने अल्लाउद्दीनाच्या खात्यावर टाकली. अंधारीत शत्रूवर सोडायचा धूर, खंदकाची खोली, सगळं खरं, पण पोटापुढे त्याचा काय उपयोग!

धाकटी_पाती:
लेकाला वाचून दाखवलं. म्हणतो, "मग पोती खालीच उघडून बघायची ना!"