९/११ नंतर मुस्लिमांबद्दलचं मत सुधारलं की बिघडलं?

कोरा_कागद:
एम.ए.च्या प्रकल्पात अडकले आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेच्या सर्वेक्षणात मुस्लिम अमेरिकनांबद्दल अनुकूल मत मार्च २००१ मध्ये ४५ टक्के, नोव्हेंबरात थेट ५९. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे मात्र मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना २००० साली २८ आणि २००१ साली ४८१! खरं काय धरायचं?

आकडेमोड:
दोन्ही खरं. सर्वेक्षण साडेअठ्ठावीस कोटींच्या देशाचा कल सांगतं; दगड मारायला मूठभर माणसं पुरतात.

१४ अंकांची वाढ योगायोग नाही. दीड हजारांच्या नमुन्याला त्रुटी साधारण ±२.५, दोन सर्वेक्षणांतल्या फरकाला ±३.६ धरा. पण फोनवर जिवंत माणूस विचारतोय म्हटल्यावर लोक जरा बरंच बोलतात, तेही लक्षात घ्या. शिवाय १७ सप्टेंबरला तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष बुश स्वतः वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये जाऊन इस्लामची बाजू घेऊन बोलले होते. आपल्याच पक्षाचा अध्यक्ष असं म्हणतोय, याचा रिपब्लिकन मतदारावर परिणाम होणारच.

खरी मेख पुढे आहे. इतर धर्मांपेक्षा इस्लाम हिंसेला जास्त उत्तेजन देतो असं मानणारे मार्च २००२ मध्ये २५ टक्के होते, जुलै २००३ मध्ये ४४. मधे अमेरिकेत ९/११ सारखा दुसरा हल्ला झालेला नाही. इराक युद्ध झालं. म्हणजे नोव्हेंबर २००१ वर थांबलात तर निष्कर्ष उलटा निघेल. फक्त हा प्रश्न धर्माबद्दल आहे, आधीचा माणसांबद्दल. एकाच रेषेत जोडू नका, परीक्षक तिथेच पकडतील.

तळटीप:
४८१ ला तळ समजा, छत नाही. पोलीस खाती एफबीआयला ही माहिती ऐच्छिक देतात आणि पुष्कळ फिर्यादी ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत. तक्त्यात घटना, गुन्हे आणि बळी असे वेगळे रकाने असतात. एका घटनेत तीन बळी असू शकतात, तेव्हा एका वर्षाच्या घटना आणि दुसऱ्या वर्षाचे बळी असली खिचडी नको.

१५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनातल्या मेसा इथे एका शीख पेट्रोलपंपमालकाचा खून झाला, पगडी-दाढी पाहून. पण शीखविरोधी आणि अरबविरोधी हे रकाने २०१५ च्या आकडेवारीपासून आले. मुस्लिम समजून मारले गेलेले सगळे या ४८१ मध्ये आलेच असतील असं धरू नका.

कोरा_कागद:
आभार! २६/११ नंतरच्या मुंबईसाठी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकडेवारीतलं भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ वापरलं तर चालेल?

तळटीप:
नाही चालणार. २०२४ पर्यंत लागू असलेलं ते कलम गटागटांत वैर पसरवण्याचं होतं. रोख कोणत्या धर्मावर होता हे त्या बेरजेतून कळत नाही. एफआयआर एकेक वाचून वर्गवारी करावी लागेल. तेवढा वेळ नसेल तर प्रकल्प अमेरिकेपुरताच ठेवा.