बेळगावचा मतदार चंदगडातनं विधानसभेला उभा राहू शकतो का?

शिनोळीचा_पाहुणा
मंडळी, कायद्याचा प्रश्न आहे, राजकारण नको. आमचं घर बेळगावात, मतदार यादीत नाव पण तिथंच, पण शेती आणि भावकी सगळी चंदगड तालुक्यात. काकांच्या डोक्यात आमदारकी शिरलीय, चंदगडातनं अपक्ष लढतो म्हणतात, सातबारावर नाव आहे म्हणजे झालं असं त्यांचं म्हणणं. वर चुलतभाऊ जर्मनीत, तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे, तो म्हणतो तुम्हाला जमत नसेल तर मी उभा राहतो. यातलं काय चालतं?

कोर्टाची_पायरी
सातबारा इथं कोण विचारत नाही. विधानसभेला त्याच राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असावं लागतं, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५ बघा. म्हणजे नाव गडचिरोलीच्या यादीत असतं तरी चंदगडला चाललं असतं, पण बेळगाव कर्नाटकात, त्यामुळं अर्ज छाननीतच उडणार. गंमत बघा, लोकसभेला ही अट नाही, देशात कुठंही मतदार असलं की पुरे, त्यामुळं काका कोल्हापूर लोकसभा खुशाल लढवू शकतात आणि चंदगड त्यातच येतं की! यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत तेवढी जोडायची.

लोकल_पकडणारा
पण डोमिसाईल लागतं ना?

कोर्टाची_पायरी
ते ॲडमिशन-नोकरीला हो. 'बाहेरचा उमेदवार' हे प्रचारात ओरडायला ठीक, कायद्यात तसलं काही नाही. राज्यसभेला पूर्वी त्याच राज्याचा मतदार असावं लागायचं, म्हणून मनमोहन सिंग आसामातनं जायचे तर मतदार म्हणून पत्ता गुवाहाटीचा. २००३ मध्ये ती अट काढली, पत्रकार कुलदीप नय्यर त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि २००६ मध्ये हरले. मला तो निकाल आजही पटत नाही, पण ते असो.

म्हापशेकार
जर्मनीवाल्या भावाला आधी गप्प बसवा. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, साधं मत देता येत नाही तर उभं कुठून राहणार. तेलंगणात वेमुलवाड्याचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश, त्यांचं जर्मन नागरिकत्वाचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने ते जर्मन नागरिकच आहेत म्हणून ३० लाखांचा दंड ठोकला. आमच्या गोव्यात तर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पोराबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं, लिस्बनला जन्म नोंदवायचा आणि मग पासपोर्ट. त्यामुळे इलेक्शन आलं की विरोधक आधी उमेदवाराची तिकडची नोंद शोधत बसतात.

शिनोळीचा_पाहुणा
काका म्हणतात मग चंदगडला पण नाव घालतो. दोन्हीकडं ठेवलं तर?

कोर्टाची_पायरी
दोन्हीकडं अजिबात नको, खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. फॉर्म ८ भरून नाव हलवायचं, पण खरंच तिथं राहायला पाहिजे, नुसतं मालकीचं घर आहे म्हणून रहिवासी धरत नाहीत. आणि हे आत्ताच करा, अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की यादीत नवीन नाव घेत नाहीत. डिपॉझिट विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार. अपक्षाला सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे) १० लागतात, तेही त्याच मतदारसंघाचे मतदार.

शिनोळीचा_पाहुणा
दहा?? बांधावरनं निम्म्या भावकीशी केस चालू आहे, सह्या कोण देणार!