फक्त बीडीएसच हवं असेल तर नीटचा अभ्यास वेगळा आखावा का?

मोलर_मामा (धागाकर्ता)
माझी भाची नाशिकला बारावीत आहे. राज्य मंडळ, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो). तिला दातांचीच डॉक्टर व्हायचंय, म्हणजे बीडीएस, एमबीबीएसला नंबर लागला तरी जाणार नाही म्हणते. (त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलंय, इथे पुन्हा नको.) क्लासने दिलेलं वेळापत्रक मात्र एम्सची स्वप्नं बघणाऱ्या पोरांचं आहे. तिन्ही विषयांना सारखे तास आणि रविवारी फिजिक्स जादा.

माझं म्हणणं, बीडीएसवाल्यांनी हे पाळू नये. नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) पेपर 720 गुणांचा, त्यात बायो 360 आणि फिजिक्स 180. बरोबर उत्तराला 4, चुकलं की उणे 1. समजा बायोचे 80 बरोबर नि 6 चूक, म्हणजे 314. केमिस्ट्रीत 30 बरोबर, 8 चूक, म्हणजे 112. फिजिक्सचे फक्त 25 सोडवले, त्यात 20 बरोबर, म्हणजे 75. झाले 501. एवढ्यासाठी फिजिक्सचे सेमीकंडक्टर, मॉडर्न फिजिक्स, करंट, ऑप्टिक्स, थर्मो हे धडे पक्के असले की पुरे. फिजिक्सच्याच रोटेशनल मोशनमध्ये जाणारे दिवस ऑरगॅनिक केमिस्ट्रीला द्यावेत. गुण सारखे पडले तरी आधी बायोचेच गुण बघतात. मग सगळ्यांना एकाच दावणीला कशाला बांधायचं?

उणे_एक
अहो, 501 ची किंमत काय ते वर्षावर ठरतं. 2024 ला सुधारित निकालातसुद्धा 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686. खुल्या गटाचे किमान पात्रता गुण 162 वरून 144 वर उतरले. म्हणजे एका साली 501 वर छाती फुगवायची आणि दुसऱ्या साली त्याच 501 वर तोंड लपवायचं. गुणांचं लक्ष्य धरून धडे सोडणं म्हणूनच धोक्याचं. शेवटी रँकच बघतात.

दुसरं, बीडीएसची गुणवत्ता यादी वेगळी नसते. परीक्षा तीच आणि प्रवेशाच्या रांगेत पुढे उभे असतात ते एमबीबीएस थोडक्यात हुकलेले. सरकारी डेंटल आपल्याकडे मोजकी. मुंबईतलं, नागपूरचं, संभाजीनगरचं, शिवाय मुंबई पालिकेचं नायर. तिथे जागा मिळवणाऱ्या सगळ्याच पोरांचं बायो चांगलं असतं. फरक पाडतं ते फिजिक्स, आणि तुम्ही नेमकं तेच सोडायला सांगताय.

मोलर_मामा
सोडा कुठे म्हटलं? निवडून करा म्हटलं. 2025 चा फिजिक्सचा पेपर आठवा. वर्षभर त्यावरच घासलेली पोरंही रडवेली होऊन बाहेर आली. त्या तासांचं काय झालं?

उणे_एक
काठिण्य सगळ्यांना सारखंच होतं, म्हणून तर गुण सगळ्यांचेच खाली आले. ज्याला पूर्ण विषय येतो त्याला अशा पेपरातले सोपे प्रश्न हुडकता येतात. तुमच्या निवडक धड्यांवरचे प्रश्न सोपेच येतील असं कुणी लिहून दिलंय? ते अवघड निघाले तर 25 चे 12 होतात, मग बसा.

बारावीची_आई
उणे_एक, तुमचं तत्त्व बरोबर असेल. पण घरात बसलेलं मूल तत्त्वावर चालत नाही. माझा मुलगा फिजिक्सच्या तासाला घाबरून पोट दुखतंय म्हणायचा आणि त्या दिवशी बाकीचे दोन विषयही राहायचे. आम्ही सकाळ पूर्ण बायोला दिली, फिजिक्स रोज एकच तास आणि ठरलेल्याच धड्यांचं. निदान रोज काहीतरी व्हायला लागलं. नंबर कुठे लागेल ते पुढचं पुढे.

मामा, एक मात्र भाचीच्या आईवडिलांशी आत्ताच बोला. खासगी डेंटलची फी वर्षाला काही लाख असते आणि ती भरायची तयारी असेल तर तुमचं वेळापत्रक चालेल. नसेल तर सरकारी जागेसाठी लागणारी रँक डोळ्यांसमोर ठेवा, मग फिजिक्सचे धडे वाढवावेच लागतील. हे आधी न ठरवता तासांवर भांडण्यात काय अर्थ आहे?

दातवाली_इंटर्न
मी राज्यातल्या एका सरकारी डेंटलमध्ये इंटर्न आहे, चार वर्षं संपली. तुम्ही सगळे तास मोजताय आणि मुख्य गोष्ट कुणीच काढली नाही. मुलगी राज्य मंडळाची आहे! बालभारतीच्या पुस्तकावर सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) निघते, नीट निघत नाही. नीटच्या बायोत एनसीईआरटीतलं (सीबीएसईला असतात त्या पुस्तकांतलं) वाक्य किंचित फिरवून विधान म्हणून समोर ठेवतात. आकृतीखालची ओळसुद्धा सोडत नाहीत. आमच्या बॅचला राज्य मंडळातून आलेल्या बहुतेकांनी बायो एनसीईआरटीवरूनच केलं होतं आणि बोर्डाचं पुस्तक फक्त जानेवारी-फेब्रुवारीत उघडलं. बोर्ड मार्चात आटोपलं की नीटला सहा-सात आठवडे उरतात, त्यात नवं काही शिकायला घेतलं की मेलात. बोर्डाला अगदीच फाट्यावर मारू नका, खुल्या गटाला पीसीबीत 50 टक्के लागतातच.

मामांचं बायो-आधी मला पटतं, पण त्यांनी सांगितलेल्या कारणासाठी नाही. 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत. बायोचे 90 पाऊण तासात हातावेगळे झाले तरच फिजिक्सला श्वास घ्यायला वेळ उरतो. बायो पक्कं करायचं ते फिजिक्सला वेळ मिळावा म्हणून. त्यामुळे फिजिक्सचा अभ्यास कमी करायची मुभा मिळत नाही.

(जाता जाता एक गंमत. अकरावीच्या एनसीईआरटीत मानवी दातांचं सूत्र ज्या पचनाच्या धड्यात होतं तो 2024 पासून नीटच्या अभ्यासक्रमातून गेला. आता दातांचे डॉक्टर निवडायचे ते दात वगळून. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना हे गळलेले धडे आधी खोडून घ्या, सॉलिड स्टेट, पॉलिमर, सरफेस केमिस्ट्री वगैरे. अजूनही पोरं त्यावर आठवडे घालवतात.)

मोलर_मामा
एनसीईआरटीचं मान्य, ती पुस्तकं घेतलीयेत. पण तुम्हीही शेवटी उणे_एक यांच्याच बाजूला गेलात. रोटेशनल करायचं की नाही ते सांगा.

दातवाली_इंटर्न
नोव्हेंबरपर्यंत करायचं. तोवर जमलं नाही तर सूत्रं आणि मागच्या वर्षांचे प्रश्न तेवढे बघायचे आणि पुढे जायचं. पण हे सराव पेपर बघून ठरवा. तिचा फिजिक्सचा कुठला प्रश्न आला नाही म्हणून गेला आणि कुठला वेळ संपला म्हणून गेला, ते वेगवेगळं लिहून ठेवायला सांगा. आपण मामालोकांनी आधीच ठरवून टाकायचं नसतं.

उणे_एक
नोव्हेंबर चालेल. पण "जमलं नाही तर" हे वाक्य मुलीच्या कानावर आत्ताच घालू नका, सप्टेंबरातच जमेनासं होतं.

बारावीची_आई
आणि सराव पेपर दुपारी 2 ते 5 मध्येच द्यायला लावा, नीटची वेळ तीच असते. आमच्याकडे सगळ्या टेस्ट सकाळी व्हायच्या. पहिल्यांदा दुपारी बसवलं तर तीन वाजता पेंगत होता, ते सुद्धा पंख्याखाली.