व्यक्तिमत्त्व चाचणीच्या निकालाचं पुढे काय करायचं? मदत हवी आहे

मी सांगलीत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीत हिशेब बघतो. दिवाळीनंतर मालक मला विक्रीचं काम देणार आहेत, म्हणजे रोज नवी माणसं, फिरती. झेपेल का, हे समजून घ्यायला चाचण्या दिल्या.

आधी १६ प्रकारांची, म्हणजे स्वभावाचा प्रकार चार इंग्रजी अक्षरांत सांगणाऱ्या एमबीटीआय चाचणीच्या धर्तीवरची. तीन आठवड्यांनी पुन्हा दिली तर आयएसटीजेचं आयएसएफजे झालं. गुण (मार्क) मधोमध असले की एकदोन उत्तरांनी अक्षर बदलतं, हे तेव्हा कळलं. मग पाच स्वभावगुण मोजणारी, १२० प्रश्नांची फुकटातली आयपीआयपी नावाची चाचणी दिली. तिच्यात प्रकार नाही, प्रत्येक स्वभावगुणाची पातळी मिळते; मला तीच पटली. बहिर्मुखता कमी, काटेकोरपणा जास्त.

बायकोला माझ्याबद्दल तेच प्रश्न भरायला सांगितले. (प्रश्न इंग्रजीत, ते तिला मराठीत सांगितले, उत्तरं तिचीच.) तिच्या मते मी चांगलाच बोलका आहे! बाकी जवळपास जुळलं.

समुपदेशकाची फी सध्या परवडणार नाही, आणि नोकरी सोडायची नाही. मालकांना दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. ज्यांनी असा निकाल खरंच वापरलाय त्यांनी सांगा: दोघांच्या उत्तरांत फरक पडतो तिथे कुणाचं धरायचं, आणि या दोन आठवड्यांत स्वतःला कामात कसं तपासून बघू?